मनोवारा बेगम, सहावा महिना

दक्षिण नलबुनिया
७ कार्तिक, मंगळवार

बौमा इस्मत,

सलाम आणि दुआ. हे पत्र मी तुझी आठवण आली म्हणून लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. कारण वेगळं आहे, ते खाली येईल.

तू बापाच्या घरी गेलीस त्याला आज दहा दिवस झाले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीतच आहे, लोकांना मी तेच सांगते. आठव्या महिन्यात जायची ती सहाव्यातच गेलीस, तेही भरदुपारी आणि न जेवता, हे सांगत नाही.

फोन करायची सोय तुझ्या अब्बांनी ठेवलेली नाही. मी चार वेळा लावला. शेवटी शाहीननं ओमानहून सांगितलं, "अम्मा, मास्तरांनी तुझा नंबर बंद करून टाकलाय." तीस वर्षं पोरांना वर्गाबाहेर उभं करायची सवय, दुसरं काय! तुझा फोन माझ्या ट्रंकेत आहे, रजयांच्या खाली. तो मी हिसकावला असं तू माहेरी चांदकाठीभर सांगत असशील. मी तो काढून ठेवला. दिवसभर डोकं दुखतं म्हणायचीस आणि पांघरुणात शिरून माझ्या मुलाशी तास तास बोलायचीस. त्या फोनच्या उजेडानं डोकं दुखणार नाही तर काय होईल? हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. 'खाऊन खाऊन सुस्तावली आहेस' हे मात्र जरा जास्त झालं असेल.

आता कारण. तू जायच्या आधी आरोग्यवाली रोशनआरा आपा निळी छत्री घेऊन आली होती, आठवतं? गरोदर बाईला दर आठवड्याला फोनवर सल्ला येतो, फुकट, नाव लिहा म्हणत होती. तू चुलीपाशी डोकं धरून बसली होतीस. तिनं विचारलं, "सुनेचं नाव आणि नंबर?"

मी म्हटलं, "या घरात एक फोन पुरेसा आहे. माझा नंबर लिही."

"आणि नाव?"

"फोन माझा, मग नाव काय शेजारणीचं लिहिणार?"

"चाची, पण तसं..."

"पण-बिण काही नाही. लिही."

तिनं निमूट लिहिलं: मनोवारा बेगम, सहावा महिना.

आज दुपारी चार वाजता तो फोन आला. एक बाई होती. शहरातली, पण उद्धट नाही. म्हणाली, "सलाम, मनोवारा आपा. अभिनंदन! तुमचा सव्विसावा आठवडा सुरू आहे." बौमा, मी बावन्न वर्षांची आहे. मी विचारलं, "कोण गं तू? जिभेला काही हाड?" ती बोलतच राहिली. ते सगळं आधी भरून ठेवलेलं बोलणं असतं, हे मला मागाहून कळलं. तोवर मी तिला बरंच सुनावलं होतं. तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. या घरात अशी बाई पहिल्यांदाच बोलली.

तर निरोप असा: लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. झोपताना डाव्या कुशीवर झोपावं. निरोप तुझा होता आणि माझ्याकडे आला, म्हणून कळवलं. दुसऱ्याचा निरोप दाबून ठेवणारी बाई मी नाही. नावाडी गफूर पत्र आणून देईल.

तुझी सासू,
मनोवारा बेगम

ता. क. बारा लिंबं पाठवतेय. झाडाला फार लागलीत म्हणून. बाकी काही नाही.


२१ कार्तिक, मंगळवार

बौमा,

तुझं उत्तर आलं नाही. गफूर म्हणतो, पत्र वाचलंस, लिंबू हुंगलंस आणि आत गेलीस. ठीक आहे. हुंगायला तरी आवडलं.

इकडे माझी शोभा झाली आहे. रोशनआराच्या कागदावर खाली नवऱ्याच्या नंबराची जागा होती. गरोदर बाई मनोवारा, तर नवरा कोण? तिनं तुझ्या सासऱ्यांचा नंबर घातला. गेल्या गुरुवारी त्यांना पुरुषाच्या आवाजात फोन आला. शाहीनचे अब्बा तेव्हा हारुनच्या चहाच्या टपरीवर होते, आणि एका कानानं ऐकू येत नाही म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. सगळ्या टपरीनं ऐकलं: "भाई, तुमच्या पत्नीला भरलेली घागर उचलू देऊ नका. तिच्याशी प्रेमानं दोन शब्द बोला."

टपरीतून बातमी मशिदीपर्यंत गेली आणि मशिदीतून बायकांत आली. जमिलाची आई चिंचेचं लोणचं घेऊन धावत आली. "भाभी, या वयात! आणि मला शब्दानं बोलली नाहीस?" तिला समजावता समजावता अर्धी बरणी संपली. लोणचं चांगलं होतं.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. मी उठून बघते तर तुझे सासरे हातपंपावरून दोन्ही हातांत दोन घागरी घेऊन येताहेत, लुंगी भिजलेली. मी म्हटलं, "हे काय?"

ते म्हणाले, "हुकूम आहे."

"कुणाचा?"

"फोनचा. सरकारी असेल, उगाच कशाला लफडं?" मग घागरी खाली ठेवत म्हणाले, "बरं वाटतंय ना तुला?"

तेहेतीस वर्षं झाली लग्नाला. हा प्रश्न पहिल्यांदा कानावर आला. चूक झालीय, फोन सुनेसाठी आहे, असं मी त्यांना सांगणार होते. अजून सांगितलेलं नाही. घागरी रोज येताहेत.

आता आजचा निरोप, आणि हा जरा अवघड आहे. बाई म्हणाली, पोटातल्या बाळाला आता बाहेरचे आवाज ऐकू येतात, आणि हे काही आठवडे आधीपासूनच सुरू झालेलं असतं. मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. म्हणजे त्या दुपारी मी तुला जे जे बोलले ते त्यानंही ऐकलं. सुस्तावली आहेस, तेही ऐकलं. मास्तरांच्या खानदानावर बोलले, तेही. आता जन्मल्या जन्मल्या ते माझ्याकडे पाठ करणार.

म्हणून एक काम कर. माझी पत्रं मोठ्यानं वाच. सगळी नको. ज्या वाक्याखाली मी रेघ मारलीय तेवढंच वाच. या पत्रात अजून एकाही वाक्याखाली रेघ मारता आलेली नाही, हे आत्ता लक्षात आलं. थांब. <u>बाळा, तुझ्या आजीकडे वीस नारळाची झाडं आहेत आणि ती सगळी तुझी.</u>

मनोवारा बेगम


५ अग्रहायण, मंगळवार

बौमा,

तू माझ्याशी बोलत नाहीस, पण सगळा गाव बोलतो. दर मंगळवारी दुपारी ओसरीवर चटया टाकाव्या लागतात. सुरुवातीला नुसती जमिलाची आई यायची, मी खरंच गरोदर नाही ना हे बघायला. मग तिची सून आली, मग सुताराची बायको, आणि आता तेरा जणी आहेत. त्यांतल्या नऊजणींनी स्वतःची नावं लिहवून घेतली. बिचारी रोशनआरा वर्षभर छत्री घेऊन दारोदार फिरत होती, कागद वाटत होती, तेव्हा कुणी नाव दिलं नाही. आता ती मला "चाची, चाची" म्हणत पान आणून देते.

गेल्या शनिवारी ढाक्याहून एक पोरगी आली, तौहिदा नावाची, पाटीएवढा फोन घेऊन. लोक या फोनच्या सल्ल्याकडे कशामुळे वळतात याचा तिला अभ्यास करायचा होता. मी तिला पिढ्यावर बसवलं, मुरमुरे दिले.

ती म्हणाली, "चाची, एक ते पाचमध्ये गुण द्या. ही सेवा वापरायला सोपी आहे का?"

"फोन वाजतो, कानाला लावायचा. यात अवघड काय? पाच."

"महत्त्वाच्या व्यक्तींनी सांगितलं म्हणून वापरायला लागलात का?"

"महत्त्वाच्या म्हणजे कोण गं?"

"चेअरमन, इमामसाहेब, डॉक्टर..."

"चेअरमनला इथं कोण विचारतं? जमिलाच्या आईनं केलं की सगळ्या करतात. तुझ्या पाटीत जमिलाची आई आहे का?"

तिनं शोधलं. नव्हती.

"तुमचा या सल्ल्यावर विश्वास का बसला?"

मी म्हटलं, "ती बाई रागवत नाही. सरकारी दवाखान्यात गेलं की आधी बोलणी, मग गोळी. हिच्याकडे नुसती गोळी." पोरगी हसली, पण लिहून घेतलं. मग शेवटी विचारलं, "आणखी काही कारण?" मी पान लावत होते. तोंडातून निघून गेलं, "घर रिकामं होतं."

तिनं पाटीवर वर-खाली बोट फिरवलं आणि म्हणाली, "चाची, यासाठी चौकोन नाहीये."

बघ. ढाक्याहून एवढ्या लांब आली आणि एक चौकोन कमी घेऊन आली. पण खरं तेच आहे, बौमा. तू गेल्यापासून दुपारी चुलीवर एकच हंडी चढते. मंगळवारी ती बाई तुझ्या वाट्याचं बोलते आणि मी तुझ्या वतीनं हो हो म्हणते. तेवढा वेळ तू घरात असल्यासारखं वाटतं.

याच्याखाली रेघ मारायची की नाही ते ठरत नाहीये. तूच ठरव.

गफूरबरोबर एक डबा देतेय. सातव्या महिन्याची रीत राहून गेली, ती तुझ्या रागासाठी थांबायची नाही. हिरव्या काचेच्या एक डझन बांगड्या आहेत. माप बरोबर तुझ्या हाताचं, लग्नात मीच घेतल्या होत्या ना. घाल. घातल्यास की निरोप पाठव. मी माफी मागितली असं समजू नकोस, पण दुसरं काही समजायला मिळालं नाही तर तसं समजलीस तरी चालेल.

मनोवारा बेगम


११ अग्रहायण, सोमवार

इस्मत आरा,

डबा परत आला. बाराच्या बारा बांगड्या, तशाच कागदात. गफूर म्हणाला, "भाभी म्हणाल्या, चढत नाहीत, परत ने."

चढत नाहीत! अगं, मीच माप दिलं, मीच दुकानात स्वतःच्या मुठीवरून सरकवून बघितल्या, आणि तुझा हात माझ्याहून बारीक. नको होत्या तर नको म्हणायचं. बांगड्या चढत नाहीत, की सासूच्या घरचं काही अंगाला लागत नाही? तीन पत्रं लिहिली मी. आठवी पास बाई आहे, एकेका पत्राला दोन दोन दिवस लागतात. लिंबं पाठवली. वीस झाडं लिहून दिली. आणि मास्तरांच्या लेकीनं काय पाठवलं, तर चार शब्द!

आता माझ्याकडून पत्र नाही. निरोपही नाही. ती फोनवाली बाई काय सांगायचं ते सांगू दे, मी ऐकीन आणि गिळून टाकीन.

मनोवारा बेगम


१२ अग्रहायण, मंगळवार
गफूरच्या नावेत

इस्मत, बाळ,

अक्षर हलतंय, नाव हलतेय म्हणून. हे पत्र लिहितेय कारण तुझे अब्बा दार उघडतील असं वाटत नाही. नाही उघडलं तर फटीतून सरकवीन.

आज चार वाजता ओसरीवर सगळ्या बसल्या होत्या. बाई म्हणाली, "हात, चेहरा सुजला, अंगठी किंवा बांगडी घट्ट होऊ लागली, डोकं सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असू शकतो."

जमिलाच्या आईनं फळीवरच्या डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. कालपासून तो डबा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते, सून कशी उर्मट आहे म्हणून.

तू खरंच सांगत होतीस. चढत नव्हत्या. आणि डोकंही दुखत होतं, ते मी फोनवर ढकललं.

त्या बाईनं डॉक्टरांचा एक नंबर दिलेला असतो, तो लावला. डॉक्टर म्हणाले, "मनोवारा बेगम, वय?" मी म्हटलं, "बावन्न." त्यांनी विचारलं, "आणि सात महिने झालेत?" मी ओरडले, "डॉक्टरसाहेब, नाव माझं आहे, पोट सुनेचं आहे! बांगड्या चढत नाहीत तिला!" ते म्हणाले, "आजच न्या. उद्या नाही, आज."

मग जमिलाच्या आईच्या फोनवरून तुझ्या अब्बांना लावला. त्यांनी उचलला. माझा गाढवपणा बघ, सवयीनं सुरुवातच केली, "मास्तर, बांगड्या परत पाठवायची ही कुठली रीत..." त्यांनी ठेवून दिला. पुन्हा उचललाच नाही. मी आधी सलाम केला असता तर आत्ता ही नाव लागली नसती.

तुझे सासरेही सोबत आहेत. काय झालं ते त्यांना धड कळलेलं नाही, पण घागर भरून घेतलीय. तुझा फोन रजयांखालून काढून पदरात बांधलाय.

<u>अल्ला, माझ्या लेकीला सुखरूप ठेव. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड.</u> दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाच. त्याला ऐकू जाऊ दे.

चांदकाठीचा घाट दिसतोय.


२२ पौष, रविवार
दक्षिण नलबुनिया

इस्मत,

त्या दिवशी दारात काय झालं ते तुला ठाऊक नाही, तू आत पडून होतीस. मास्तरांनी दार बोटभर उघडलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच येईनात. तू म्हणशील, अम्मांना शब्द आले नाहीत? खरंच आले नाहीत. म्हणून ते पत्र पुढे केलं. ते त्यांनी उंबऱ्यात उभ्यानं वाचलं, चष्मा वर करून, पोराचा पेपर तपासावा तसं. मग दार सताड उघडलं आणि म्हणाले, "सकाळपासून म्हणतेय, काजवे दिसतात. मला वाटलं, उपाशी राहते म्हणून." त्या क्षणी माझं त्यांच्याशी असलेलं सगळं भांडण मिटलं. तेही माझ्यासारखेच निघाले.

पुढचं तुला माहीत आहे. रक्तदाब एकशे सत्तर, ती सुई, गाडीतून बोरिशालचं इस्पितळ, मग वॉर्डातले ते दिवस. तू माझ्याशी त्या सगळ्या दिवसांत सहा वेळा बोललीस. चार वेळा "पाणी" म्हणालीस, एकदा "दिवा डोळ्यांवर येतो" आणि एकदा "अम्मा, तुम्ही जेवलात का?" मी मोजलंय. मोजायला दुसरं काही नव्हतं.

आणि मग ती आली, पावणेदोन किलोची, मुठीएवढं तोंड घेऊन. नर्सनं माझ्या हातात दिली तेव्हा मी म्हटलं, आता ही पाठ करणार. तिनं डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटतं, आवाज ओळखला. तू पत्रं मोठ्यानं वाचत होतीस का, हे मी तुला विचारलेलं नाही. विचारणारही नाही. पण रेघेबाहेरचंही काही वाचलं असशील तर मात्र माझी धडगत नाही.

इकडची खबर. रोशनआरानं फोनवाल्यांना बाळ झाल्याचं कळवलं, तर गेल्या मंगळवारी फोन आला: "अभिनंदन, मनोवारा आपा, तुम्ही आई झालात!" ओसरीवर बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या सासऱ्यांना त्यांच्या फोननं सांगितलंय की बाळाला छातीशी, अंगाला अंग लावून धरा. त्यांनी सदरा काढून ठेवलाय आणि विचारताहेत, चांदकाठीची नाव किती वाजता? त्यांना मी शेवटी खरं सांगितलं की सगळे हुकूम शाहीनसाठी होते. ते म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." घागरी तरीही येताहेत.

शुक्रवारी मी रोशनआराला स्वतः बोलावून घेतलं. म्हटलं, कागद काढ. माझं नाव खोड, इस्मत आरा लिही. नंबर तिचा, तिच्या फोनचा. ती म्हणाली, "चाची, मग तुमच्याकडे काही येणार नाही." मी म्हटलं, ठाऊक आहे. फोन हातचा सोडला म्हणून जमिलाची आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. आता मंगळवारी ती सगळी मंडळी तिच्या ओसरीवर बसतील, तिच्या सुनेला चौथा लागलाय.

तर त्या गडबडीत माझ्याच पदरात राहिलेला तुझा फोन गफूरबरोबर पाठवतेय, पुरा भरलेला. परवा चार वाजता वाजेल. उचल, ती मी नाही, ती चांगली बाई आहे. बाळाची लस कधी, दूध किती वेळा, सगळं सांगेल. शाहीनशी हवं तितकं बोल. पांघरुणात शिरून बोल, हिवाळा आहे.

चाळीस दिवस झाल्यावर कुठं यायचं ते तू ठरव. मी बोलवत नाही, बोलवलं तर हुकूम वाटेल. एवढंच सांगते की चुलीवर अजून एकच हंडी चढते आणि मला ते आवडत नाही. या पत्रात रेघ कुठंही मारलेली नाही, कारण इथं काही लपवून वाचण्यासारखं नाही. सगळंच मोठ्यानं वाच.

तुझी,
अम्मा

ता. क. फोनच्या खाली, त्याच कागदात, त्याच बांगड्या आहेत. घाई करू नकोस. हाताची सूज उतरली की घालून बघ. चढल्या, तर मला एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही. नुसतं वाजताना ऐकीन.